जुनी मारुती ८०० उन्हाळ्यात सारखी हीट मारायली? बोअरचं पाणी ओतायच्या आधी हे बघा

तक्रार सगळ्यांची एकच. गाडी हीट मारायली, थांबून पाणी टाकलं की थोडं अंतर नीट जाती अन् परत टेंपरेचरचा काटा वर. मिस्त्री म्हणतो टाकी (रेडिएटर) बदला, टाकी बदलली की पावसाळा-हिवाळा बरा जातो अन् पुढच्या एप्रिलला परत तेच रडगाणं. मी मारुती ८०० बद्दल लिहायलो कारण घरात तीच आहे अन् तिचं बरंचसं काम दारातच करतो, पण ऑम्नी, जुनी झेन, पहिली अल्टो यांनाबी बहुतेक सगळं लागू पडतंय. अन् ८०० आपल्याकडं मराठवाड्यात अजून चिक्कार आहेत, कारण मुंबई-पुणे-सोलापूर असल्या शहरांत २०१० ला प्रदूषणाचे नवीन नियम आले अन् तिथं ती विकायची बंद झाली तरी आपल्या भागात त्यानंतरबी मिळत होती, कंपनीनं बनवायची बंद केली ती २०१४ च्या जानेवारीत.

माझं म्हणणं एवढंच की टाकीवर संशय सगळ्यात शेवटी घ्या. टाकी आपोआप चोक होत नाही. कुठंतरी बारीक गळती असती, म्हणून पाणी कमी होतं, म्हणून आपण रोज-दोन रोजाला बोअरचं पाणी टाकतो, अन् त्या पाण्यानं टाकी चोक होती. नवी टाकी बसवली पण गळती तशीच ठेवली तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नवीबी जुनीसारखीच होणार, हिशोब सरळ आहे.

सुरू करायच्या आधी एक गोष्ट, अन् ही चेष्टेवारी नेऊ नका. गरम गाडीत टाकीचं झाकण उघडायचं नाही. टॉवेल धरून बी नाही, हळूहळू फिरवून बी नाही. आत दाब असतो, झाकण सैल झालं की ते पाणी जागेवर उकळतं अन् थेट तोंडावर येतं. पाऊण तास थांबा, टाकीचा वरचा होज (रबरी पाइप) हाताला कोमट लागला अन् दाबल्यावर मऊ लागला तरच उघडा. तापलेल्या इंजिनवर गार पाणी मारायचं तर अजिबात नाही, इंजिनचं हेड (वरचा भाग) अॅल्युमिनियमचं आहे, वाकडं होतं, अन् मग तीनशेचं काम कुठल्या कुठं जातं.

आता पहिलं काम पाना घ्यायचं नाही, वही घ्यायचं. दोन गोष्टी लिहून ठेवा: काटा नेमका कधी चढतो, अन् पाणी कमी होतंय का नाही. आठवडाभर रोज सकाळी, गाडी गार असताना, टाकीचं झाकण उघडून पातळी बघा, नुसती टाकीला नळीनं जोडलेली जादा पाण्याची बाटली बघून समाधान मानू नका. हे कुणीच करत नाही. मिस्त्रीकडं गेलं की "हीट मारायली" एवढंच सांगतात, मग तो बी अंदाजानं हात घालतो, त्याचा काय दोष.

पाणी कमी होत नसेल अन् काटा फक्त गावात, ट्रॅफिकमध्ये, उभ्या गाडीत चढत असेल तर फॅन बघा. इंजिन चालू ठेवून उभं राहा, काटा मधल्याच्या थोडा वर गेला की फॅन लागायलाच पाहिजे. नाही लागला तर आधी फ्यूज, मग रिले, मग मोटरची पिन काढून बॅटरीवरनं थेट वायर द्या, मधे फ्यूज टाकून. थेट दिल्यावर फिरला तर मोटर चांगली आहे, दोष थर्मोस्विचमध्ये (पाणी तापलं की फॅन चालू करणारं बटण) नाहीतर वायरिंगमध्ये. थेट देऊन बी नाही फिरला पण मोटरला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं टकटक केल्यावर फिरला तर कार्बन ब्रश झिजलेत. आज फिरला म्हणजे उद्या फिरेल असं नाही, असली मोटर नेमकी लग्नाच्या दिवशी दगा देती. बोटं पात्यापासून लांब ठेवा, फॅनला वेळकाळ नसतो.

उलटं, गावात ठीक अन् हायवेला पळवली की काटा वर, तर पाणी फिरायला कमी पडायलंय किंवा हवा आत जाईना. इथं खालचा होज बघा. इंजिनचा पाण्याचा पंप त्या होजातनं पाणी ओढतो, होज जुना होऊन लिबलिबीत झाला असला तर जोरात रेस केल्यावर आत चिकटतो अन् पाणीच बंद होतं, उभ्या गाडीत बघितलं तर अगदी ठणठणीत दिसतो. कुणालातरी रेस करायला लावा अन् तुम्ही होजकडं बघा. बेल्टबी बघा, ढिला असला तर पंप हळू फिरतो, अंगठ्यानं मधोमध दाबल्यावर अर्धा ते एक सेंटीमीटर दबावा, जास्त नाही.

हायवेवाल्याच केसमध्ये आमच्या मेव्हण्याची गाडी आठवती. अंबाजोगाईहून लातूरला येताना एसी लावली अन् साठच्या पुढं गेलं की काटा वर, एसी बंद केली की पाच मिनिटांत खाली. सगळ्यांनी सांगितलं एसीचा लोड आहे, जुन्या गाडीला झेपत नाही. टाकी झाली, पंप झाला, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच टाकीची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) तर कुणीतरी काढूनच टाकलेला. मला म्हणाला, "दाजी, एसीच काढून टाकू का आता?" मी म्हणलं थांब जरा, पेपर आण. इंजिन चालू, एसी चालू, फॅन फिरायला लागला, अन् पेपरचं पान जाळीसमोर धरलं. पान जाळीला चिकटायला पाहिजे, ते उलटं माझ्याच अंगावर उडालं. फॅन उलटा फिरायलेला! आदल्या वर्षी मोटर बदलताना कुणीतरी दोन वायरी उलट्या जोडलेल्या. गाडी पळताना समोरून येणारी हवा आत ढकलायली अन् फॅन तीच हवा बाहेर ढकलायला, मधे टाकीत हवा जागच्या जागी. त्या गाडीत एसी लावली की फॅन कायम चालू राहायचा म्हणून एसीवर आळ आला. दोन वायरी अदलाबदल केल्या, खर्च शून्य. कुणाचीबी मोटर बदललेली असेल तर ही पेपरची टेस्ट करायला एक मिनिट लागतं, करून टाका.

एसीवाल्या गाडीत अजून एक भानगड. टाकीच्या पुढं एसीचा कंडेन्सर (एसीच्या गॅसची जाळी) असतो, अन् दोन्हीच्या मधल्या फटीत कचरा जाऊन बसतो. सोयाबीनच्या राशी चालू असल्या की सगळा भुसा रस्त्यावर उडतो, परभणी-जालन्याकडं कापसाची बोंडं उकलली की तंतू, वरून वरकड धूळ, हे सगळं त्या फटीत घट्ट बसतं. पुढून बघितलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो. टॉर्च लावून वरून फटीत बघा. स्वच्छ करताना पाणी इंजिनच्या बाजूनं बाहेर मारा, म्हणजे आलेला कचरा आलेल्या वाटेनं जाईल, अन् प्रेशर कमी ठेवा, वॉशिंग सेंटरचा तो जोरदार पाइप जवळून मारला की पातळ पत्र्या सगळ्या आडव्या होतात.

पाणी कमी होतंय, खाली डाग कुठंच नाही. हा सगळ्यात डोकं खाणारा प्रकार, अन् लोक लगेच "हेड गेलं" म्हणून मोकळे होतात. हेडच्या आधी झाकण. टाकीचं झाकण हा सगळ्यात स्वस्त पार्ट अन् सगळ्यात दुर्लक्षित. त्याचं काम नुसतं झाकायचं नाही. आपण समुद्रापासून पाच-सहाशे मीटर उंचावर राहतो, इथं उघड्या पातेल्यात पाणी ९८ अंशाच्या आसपासच उकळतं. झाकणावर ०.९ असा दाबाचा आकडा लिहिलेला असतो, म्हणजे ते आत तेवढा जादा दाब धरून ठेवतं, अन् त्या दाबाला साधं पाणी बी ११८ अंशापर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं, स्प्रिंग ढिली झाली, की तो वीस अंशाचा सगळा आधार गेला. बाहेर ऊन ४२-४३, आत पाणी शंभराच्या अलीकडंच उकळायलंय, वाफ होऊन बाटलीतनं बाहेर जायलंय, अन् खाली डाग कुठून दिसणार, ते रस्त्यावरच वाळून जातं.

झाकणाला दुसरा बारका व्हॉल्व्ह असतो मधोमध. गाडी गार झाली की आत पोकळी होती, तेव्हा हा उघडतो अन् बाटलीतलं पाणी परत टाकीत ओढून घेतो. तो खराब झाला तर सकाळी बाटली गच्च भरलेली अन् टाकी रिकामी. नुसत्या बाटलीवर भरवसा ठेवणाऱ्याची गाडी इथंच फसती. किंवा वरचा होज सकाळी चपटा झालेला दिसतो, तेबी ह्याचंच लक्षण. टाकीपासून बाटलीपर्यंतची जी पातळ नळी असती ती उन्हानं तडकली असेल तरी तसंच होतं, पाणी ओढायच्या जागी हवा ओढती. नवीन झाकण घेताना जुन्यावरचा आकडा बघूनच घ्या, १.१ चं बसवलं की जास्त चांगलं असं काही नाही, जुन्या टाकीचा जोड उघडायचा.

मग पंपाखालचं बारकं भोक बघा, पांढरा नाहीतर हिरवा ओघळ वाळलेला असला तर पंपाचं सील गेलं. हीटर असेल तर पुढच्या सीटपुढचं मॅटिंग उचलून हात लावा, ओलं अन् चिकट लागतंय का. गॅस किट बसवलेलं असेल तर त्याचा व्हेपोरायझर (पातळ गॅसची वाफ करणारा भाग) गरम ठेवायला कूलंटचीच लाइन नेलेली असती, त्याचे टी-जॉइंट अन् क्लिपा एकेक करून बघा. किट बसवणाऱ्यांनी वापरलेल्या पातळ पत्र्याच्या क्लिपा दोन उन्हाळ्यांत ढिल्या होतात, हे मी लई गाड्यांत बघितलंय.

हे सगळं नीट निघालं तर मग हेड गॅस्केट (हेड अन् ब्लॉकच्या मधलं पॅकिंग). गार गाडीत झाकण उघडं ठेवून स्टार्ट करा अन् पाण्याकडं बघा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे चालतात, पण मिनिटभरानं बी सलग येत राहिले, रेस केल्यावर वाढले, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात यायलाय. झाकण लावून सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केल्यावर मिनिटभरात होज दगडासारखा कडक होत असेल तर तेच. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर, सायलेन्सरमधनं गाडी तापल्यावरबी पांढरा धूर, ही नंतरची लक्षणं. थंडीत थोडा दुधाळपणा नुसत्या दमटपणानंबी येतो, तेवढ्यावरनं हेड खोलू नका. अन् खोललंच तर हेड लेथवर फेस करून (घासून सपाट) घेतल्याशिवाय नवं गॅस्केट टाकू देऊ नका, अन् बोल्ट टॉर्क रेंचनं, मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानं. "हाताला अंदाज आहे" म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढं जावं. हे काम दारात करायचं नाही, माझंबी मत तेच आहे.

थर्मोस्टॅटचं सांगायचं राहिलं. आपल्याकडं सर्रास काढून टाकतात, "आपल्या उन्हात त्याचं काय काम" म्हणून. मग इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, अॅव्हरेज पडतं, अन् २००० नंतरच्या एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो त्या) गाडीत तर कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून गारच आहे, पेट्रोल जास्त सोडत राहतो. खराब असेल तर बदला, काढू नका. तपासायचा असेल तर जुन्या पातेल्यात (चहाचं नको, घरात भांडणं होतील) दोऱ्यानं लटकवून पाणी तापवा. अंगावर ८२ किंवा तसा आकडा छापलेला असतो, त्या तापमानाला उघडायला सुरुवात होती, पाणी खळखळ उकळेपर्यंत चांगलंच उघडायला पाहिजे, गार झाल्यावर पूर्ण बंद. बसवताना बारकी हलणारी पिन वरच्या बाजूला.

आता पाण्याचं. ज्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, तेच पाणी आपण टाकीत ओततो. त्यात विरघळलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं, पाणी तापलं की ते चुन्यासारखं वेगळं होऊन नळ्यांच्या आतून बसतं, आंघोळीच्या हंड्याला आतून बसतं तसंच. एकदा भरून बंद ठेवलं तर त्या साडेतीन-चार लिटरात जेवढे क्षार आहेत तेवढेच बसतील, फार नाही. पण रोज अर्धा लिटर नवीन टाकायलाव म्हणजे रोज नवीन क्षार घालायलाव, जाताना वाफ जाती, क्षार मागं राहतात. पिण्याच्या पाण्याला सरकारी मापानं टीडीएस (लिटरमागं विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) ५०० पर्यंत चांगला अन् दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, म्हणजे प्यायला चालतंय म्हणून टाकीलाबी चालतंय असं समजू नका. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती, त्या वर्षी गाडीसाठी डिस्टिल्ड शोधत कोण बसणार, टँकरचं मिळेल ते टाकलं सगळ्यांनी, समजू शकतो. पण आता पेट्रोल पंपावर, बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटरचा कॅन मिळतो. मागताना बॅटरीचं पाणी म्हणून मागा अन् लेबल वाचून घ्या, त्याच दुकानात ॲसिडचाबी कॅन असतो.

टाकी आतून बसली आहे का हे बघायला गाडी गरम करा, बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह काढा म्हणजे फॅन अचानक लागणार नाही, अन् हात जाळीच्या जवळून सगळीकडं फिरवा, टेकवू नका. मधेच गार पट्टे लागले तर त्या नळ्या बंद आहेत. थोड्याच असतील तर लिंबूसत्त्वानं निघतं. किराणा दुकानात मिळणारं साधं लिंबूसत्त्व, अंदाजे १०० ग्रॅम, गार गाडीत जुनं पाणी काढून नव्या पाण्यात मिसळून भरा, अर्धा तास इंजिन चालवा, गार होऊ द्या, काढा. गढूळ, तपकिरी पाणी येईल. मग स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा, शेवटचं धुणं डिस्टिल्डनं, कारण इंजिनच्या ब्लॉकमध्ये थोडं पाणी राहतंच. रात्रभर ठेवायचं नाही. संडास साफ करायचं ॲसिड टाकायचा सल्ला जो देईल त्याच्याकडं गाडी न्यायची बंद करा, ते अॅल्युमिनियमबी खातं अन् पितळी टाकीचा डागबी (सोल्डरचा जोड). एक सांगून ठेवतो, फार जुन्या टाकीत चुन्यानंच बारकी भोकं बुजलेली असतात, धुतल्यावर गळती सुरू झाली तर ती आधीपासूनच होती असं समजा. तांब्या-पितळेची टाकी असेल तर रेडिएटरवाल्याकडून वरचा टँक खोलून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घेता येतं, चांगलं काम केलं तर वर्षानुवर्षं जाती. प्लॅस्टिक टँकची अॅल्युमिनियमची असेल तर बदलायचीच.

भरताना कूलंट रेडी मिक्स असेल तर त्यात पाणी घालायचं नाही, कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्डमध्ये बाटलीवर लिहिलंय तसं. आपल्याकडं बर्फ पडत नाही म्हणून कूलंट नको असं ऐकायला मिळतं, पण त्यातलं गंज न चढू देणारं औषध आपल्याला पाहिजे असतं, न गोठणं हे आपल्या कामाचंच नाही. हिरवं-लाल मिसळू नका, रंगावरनं काही कळत नाही, काही मिसळली की आत गोळे होतात. गाडी पुढून थोडी उंच उभी करा, हीटर असेल तर गरमवर ठेवा, झाकण उघडंच ठेवून इंजिन चालू करा, थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाईल, तेव्हा भरा, बुडबुडे थांबले की झाकण. ही हवा काढायची राहिली तर सगळं नवं टाकूनबी गाडी हीट मारणार. काढलेलं जुनं कूलंट उकिरड्यावर ओतू नका, चवीला गोड लागतं अन् विषारी असतं, कुत्री, वासरं चाटतात.

कार्बोरेटरवाल्या गाडीत प्लगच्या ठिणगीचं टायमिंग मागं गेलं असलं तरी इंजिन तापतं, अन् ब्रेक चिकटून राहात असला तरी. गाडी फिरवून आणल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, एक चाक जास्त गरम असेल तर टाकीकडं बघायचं सोडा.

रस्त्यातच काटा चढला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, काचा खाली. चाळीस अंशाच्या उन्हात हा सल्ला ऐकून लोक हसतात, पण हीटर म्हणजे दुसरी बारकी टाकीच आहे, मांजरसुंब्याच्या घाटात ह्याच्यावर गाडी वर चढवलेली आहे. वाफ दिसली किंवा काटा लालला टेकला तर मात्र पुढचा ढाबा बघू म्हणायचं नाही, तिथंच बंद. डिक्कीत पाच लिटर डिस्टिल्ड, दोन होज क्लिपा, स्क्रूड्रायव्हर, फॅनचा जादा फ्यूज अन् हातभर वायर ठेवा, फ्यूज जुन्याच अँपिअरचा, जाड तार गुंडाळून जुगाड करू नका, मोटर जाम झाली तर वायरिंग पेटतं.